झाड राखून फांदी तोडणारे

कर्जत स्टेशनावर उतरून उल्हास नदी ओलांडली की दहिवली लागते. आज ही वस्ती कर्जत नगर परिषदेच्या हद्दीत मोडते. घरे वाढली, दुकाने वाढली, रस्ते रुंद झाले. पण गावठाण मागे टाकून कर्जत-खालापूरच्या खेड्यांकडे निघालात, की भाताच्या खाचरांच्या कडेला आणि माळावर एक विचित्र रूपाचे झाड तुमच्या नजरेस पडेल. बुंधा सरळ, जाडजूड. साल सुसरीच्या पाठीसारखी चिरलेली. अंगभर गाठीच गाठी, आणि वर शेंड्याला पानांचा एक झुबका. परक्या माणसाला वाटते, या झाडाला काही रोग झाला असावा. तो रोग नव्हे. ते ऐनाचे झाड आहे, आणि त्याच्या अंगावरच्या गाठी म्हणजे वर्षानुवर्षे केलेल्या तोडीच्या खुणा आहेत. आजाने तोडले, बापाने तोडले, नातवानेही तोडले. आणि झाड आपले उभेच आहे.

तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजमाची येते, कोथळीगड येतो, बोरघाट येतो. ते सारे खरेच आहे. पण त्या गडांच्या पायथ्याशी कमरेला कोयता अडकवून झाडावर चढणारा जो माणूस होता, त्याचाही एक इतिहास आहे. त्याच्यावरून एकेकाळी सरकारदरबारी मोठा वाद झाला, चौकशी बसली, विलायतेहून शास्त्रज्ञ आला, पुण्याच्या शेतकी कॉलेजात प्रयोग झाले. आणि हा सगळा खटाटोप एकाच प्रश्नाभोवती फिरत होता: फांदी तोडली म्हणजे झाड मरते काय? आज आपण या प्रश्नाचा इतिहास पाहू.

विलायतेत आणि अमेरिकेत झाडांवर चढून फांद्या छाटणाऱ्या, पोकळ्या साफ करणाऱ्या माणसाला झाडांचा शस्त्रवैद्य म्हणतात. तो तिकडे स्वतंत्र धंदा आहे. त्याची शाळा आहे, परीक्षा आहे, दोरखंड आणि हत्यारांची दुकाने आहेत. आपल्याकडे या कामाला वेगळे नाव पडले नाही, कारण तो वेगळा धंदाच नव्हता. तो शेतीचा एक हंगाम होता. त्याचे मूळ होते राबात.

राब म्हणजे काय, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. पण घाटावरच्या शिक्षकबंधूंसाठी थोडे सांगतो. कर्जतकडे पाऊस धो धो पडतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे. इथले भात आधी रोपवाटिकेत पेरतात, आणि रोप वीतभर वाढले की उपटून खाचरात लावतात. एकरभर लावणीला साधारण चार गुंठे रोपाची जागा लागते. ही जागा उन्हाळ्यात भाजून काढायची, याला राब भाजणे म्हणतात. खाली शेणाचा थर, त्यावर झाडांचा वाळलेला टाहाळ, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सर्वांत वर बारीक मातीचे पांघरूण. मग वारा जिकडे वाहतो त्या टोकाला विस्तव लावायचा, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध सरकत सरकत, धुमसत जाते. भडका उडाला तर काम फुकट गेले. सावकाश जळाले की जमीन खोलवर तापते, तणाचे बी मरते, राख मातीत मिसळते, आणि माती इतकी भुसभुशीत होते की आषाढात रोप उपटताना मुळे तुटत नाहीत.

या राबासाठी टाहाळ हवा. दक्षिणेकडे त्याला कवळ म्हणतात. सगळ्या झाडांत ऐनाचा टाहाळ पसंतीचा. कारण ऐन तोडला तरी पुन्हा जोमाने फुटतो. भात निघाले, झोडणी झाली, की पौष-माघाच्या थंडीत तोडीला सुरुवात होई. पाने अजून फांदीवर असतात, ती गळायच्या आत फांदी उतरवायची. यातली खुबी लक्षात घ्या. थंडीत झाडाची वाढ मंदावलेली असते. खोडात आणि मुळांत अन्न साठलेले असते. तोडीनंतर उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे जखम कुजत नाही. आणि वळवाचा पाऊस येतो न येतो तोच सालीखाली झोपलेले डोळे जागे होतात, धुमारे फुटतात. पावसाळ्यात हीच तोड केली तर पाणी जखमेत मुरते आणि कूज शिरते. कोणत्याही पुस्तकाशिवाय हे वेळापत्रक इथे ठरलेले होते.

आता तोडीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. ठाकूर, कातकरी, कुणबी, आगरी. ज्याची शेती तो किंवा ज्याला मजुरीने बोलावले तो. उन्हे चढण्याच्या आत माणूस निघे. कमरेला करगोट्यापाशी लाकडाची किंवा लोखंडाची आकडी, आकडीत कोयता. दोन्ही हात चढायला मोकळे. कोयत्याला आदल्या दिवशी धार लावलेली असे, कारण बोथट कोयता फांदी तोडत नाही, चेचतो. आणि चेचलेली जखम लवकर भरत नाही. चढण्यापूर्वी झाडाभोवती एक फेरी. वर मधाचे पोळे आहे का, तांबड्या मुंग्यांचे घरटे आहे का, ढोलीत जनावर आहे का, वाळकी खांदी कोणती, हे खालूनच पाहायचे. वाळक्या खांदीवर पाय देणारा माणूस पुढच्या हंगामाला झाडावर दिसत नाही, अशी ही रोकडी शाळा होती.

या कामाची बोलीही कामासारखीच, थोडक्यात, नेमकी. खाली उभ्या असलेल्या पोराला वरून हाक येते, "बुंध्यापासून लांब हो रे!" नवशिक्या वर चढला असेल तर खालून म्हातारा सांगतो, "एका हातानं धर, एका हातानं तोड. दोन्ही हात कोयत्याला दिलेस तर तुला कोण धरणार?" जाड फांदीशी तो घाई करू लागला की, "आधी खालनं खाच घे, मग वरनं घाव घाल. नायतर साल सोलत खाली येईल." सपासप सारे उतरवायला लागला की, "शेंडा राख बाबा, शेंडा राख! झाडाचं तोंड आहे ते." आणि खोडाला लागूनच घाव घालू पाहणाऱ्याला, "खोडाला हात लावू नको, गाठीच्या भायेर तोड." सबंध विद्या या चार-पाच वाक्यांत आली. ती कुणी लिहून ठेवली नाही. ज्याने ऐकली त्याने पुढच्याला ऐकवली.

ही वाक्ये नीट पारखून पाहा. खालून आधी खाच का? कारण फांदी वजनाने मोडून पडताना खालची साल ओढून नेते, आणि खोडावर हातभर लांब सोलपट निघते. शेंडा का राखायचा? कारण पाने म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर. सगळीच उतरवली तर धुमाऱ्यांना पोसणार कोण? गाठीच्या बाहेर का? त्याचे उत्तर पुढे देतो, कारण ते उत्तर शास्त्राला सापडायला विसावे शतक अर्धे उलटून जावे लागले.

फांद्या खाली पडल्या की पुढचे काम बायकांचे आणि मुलांचे. टाहाळ गोळा करायचा, वेलाने बांधून भारे करायचे, डोक्यावरून राबाच्या जागेपर्यंत न्यायचे, आणि उडव्या रचून वाळू द्यायचे. झाडावरच्या माणसाचे नाव होते, पण त्याच्या तोडीएवढीच या भाऱ्यांची मेहनत असे. आणि जोखीम? झाडावरून पडून कंबर मोडली, पाय अधू झाला, तर त्या घराचा पुढचा पावसाळा शेजाऱ्यांच्या आधारावर. नुकसानभरपाई हा शब्दच त्या कामात नव्हता.

राबाखेरीज झाडांची दुसरीही देखभाल याच हातांकडे असे. आंब्यावर बांडगूळ चढले की ते नुसते उपटून भागत नाही. त्याच्या खालची फांदी थोडी मागून कापावी लागते, तेव्हा ते पुन्हा फुटत नाही. खोडाला भिरूड लागला, म्हणजे भुसा बाहेर पडू लागला, की तार घालून आतली अळी ओढून काढायची आणि भोक चिखलाने लिंपायचे. याला शस्त्रक्रिया नाही म्हणायचे तर काय म्हणायचे?

ही दृष्टी आपल्या देशात नवी नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहिता हा ग्रंथ रचला. त्यात वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय आहे. झाड रोगी झाले तर आधी शस्त्राने बिघडलेला भाग काढून टाकावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, आणि दूध मिसळलेले पाणी घालावे, असा उपाय तो सांगतो. म्हणजे झाडालाही वैद्य लागतो, ही कल्पना इथे निदान चौदाशे वर्षांची आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आठवावे. ते १७१५ च्या सुमाराचे. त्यात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे हे सांगताना आंबा आणि फणस यांच्याबद्दल बजावले आहे, की ही झाडे रयतेने लेकरांसारखी पुष्कळ वर्षे जतन करून वाढवलेली असतात. ती तोडल्यावर त्या लोकांच्या दुःखाला पारावार राहील काय? एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावे. इथे राजाच्या गरजेपेक्षा झाड वाढवणाऱ्याचा हक्क आधी मानला आहे. शिक्षकांनी हा उतारा मुलांना अवश्य वाचून दाखवावा.

आता इंग्रजी अमदानीकडे येऊ. १८५६ साली पळसदरीहून खोपोलीपर्यंत आगगाडी आली. १८६३ साली बोरघाटातून गाडी वर पुण्याकडे गेली. रूळ टाकायला लाकूड हवे, बांधकामाला हवे, आणि मुंबईसारख्या वाढत्या शहराला जळण आणि कोळसा हवा. गाडी आली तशी डोंगरातल्या झाडाला किंमत आली. ठेकेदार आले, कोळशाच्या भट्ट्या लागल्या, डोंगर उघडे पडू लागले. सरकारला जंगलाची काळजी वाटू लागली ती अगदीच खोटी नव्हती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

१८७८ साली जंगलाचा कायदा झाला. जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, झाडे सरकारी झाली, आणि वनखात्याच्या अधिकाऱ्यांचे लक्ष या गाठाळ ऐनांकडे गेले. त्यांना सरळ सोट इमारती लाकूड हवे होते. त्यांच्या हिशेबी हे झाड म्हणजे विद्रूप केलेले, वाढ खुंटवलेले, बिघडवलेले लाकूड. तोडणारा म्हणजे जंगलाचा शत्रू. शेतकऱ्याचा हिशेब वेगळा होता. त्याला झाडाचे लाकूड नको होते, दरवर्षीचा पाला हवा होता. आणि पाला हवा तर झाड जिवंत हवे. ज्याची रोजी झाडाच्या जगण्यावर, तो झाड कशाला मारील? पण ही गोष्ट त्याला सरकारी भाषेत मांडता येईना.

वाद पेटला. त्या काळी कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. पुढे ते कुलाब्यात आले, आणि १९८१ साली कुलाब्याचे नाव रायगड झाले. ठाणे आणि कुलाबा या दोन्ही जिल्ह्यांतून तक्रारींचे अर्ज गेले. शेवटी मुंबई सरकारने जंगल कमिशन नेमले, आणि १८८७ साली त्याचा अहवाल बाहेर आला. राबाचा प्रश्न त्यात फार मोठा होता. भाताच्या जमिनीला जोडून जी वरकस जमीन असते, जिथे नाचणी-वरी पिकते आणि राबाचा टाहाळ मिळतो, तिच्यावरच्या झाडांवर सत्ता कोणाची, हा त्यातला कळीचा मुद्दा. पुढे काही मोकळीक मिळाली, काही बंधने राहिली. पण एक शब्द कायमचा बदलला. जे पूर्वी वहिवाटीने चालत होते, ते आता सरकारने दिलेली सवलत ठरले. वाचकहो, हक्क आणि सवलत यांत फरक काय? हक्क मागावा लागत नाही. सवलत मागावी लागते, आणि देणाऱ्याला ती काढूनही घेता येते.

याच सुमारास, १८८९ च्या अखेरीस, डॉक्टर जॉन ऑगस्टस फेलकर नावाचा शेतीरसायनाचा जाणकार हिंदुस्थानात आला. सरकारनेच त्याला शेती सुधारण्याचे उपाय सुचवायला बोलावले होते. तो देशभर हिंडला, आणि १८९३ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. विलायती पंडित आता आपल्या शेतकऱ्याला शहाणपण शिकवणार, अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. पण फेलकरने लिहिले ते उलटच. हिंदी रयत ही सर्वसाधारण इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीची आहे, काही बाबतींत सरस आहे, असे त्याचे मत पडले. राबाचाही त्याने विचार केला, आणि अडाणीपणा म्हणून तो मोडीत काढला नाही.

त्यानंतर पुणे शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉक्टर हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या आपल्या सहकाऱ्यांबरोबर राबाचा रासायनिक अभ्यास केला. १९१२ साली तो छापून निघाला. केवळ राखेचे खत म्हणून राबाकडे पाहून चालत नाही, माती तापण्याचाही विचार करावा लागतो, हे त्यांनी तपासले. तापलेल्या मातीतली पोषणद्रव्ये रोपाला चटकन मिळतात. म्हणजे, विस्तव सावकाश सरकला पाहिजे असे म्हणणारा कर्जतचा शेतकरी जे करत होता, त्यामागे कारण होते. ते त्याला सांगता येत नव्हते, पण करता येत होते.

या सगळ्या वादात एका समाजाची बाजू फारशी कुणी मांडली नाही. तो म्हणजे कातकरी. त्यांचे नावच कातावरून पडले. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या पाडायच्या, त्या मडक्यांत उकळायच्या, आणि अर्क आटवून कात करायचा, हा त्यांचा धंदा. जंगलावर बंधने आली तसा खैर हातचा गेला, आणि खैराबरोबर कात गेला. धंदा गेला, नाव तेवढे उरले. मग ज्या हातांना झाडाची पारख होती, त्या हातांना कोळशाच्या भट्टीवर आणि पुढे विटांच्या भट्टीवर मजुरी करावी लागली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसे झाले. ठेकेदाराचा कोळसा पाडायला त्यांचेच हात वापरले गेले, आणि जंगल उजाड झाल्याचा बोलही त्यांनाच लागला. २००६ साली संसदेने वनहक्काचा कायदा केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने का होईना, कायद्याच्या पुस्तकात ते शब्द आले.

आता गाठीच्या प्रश्नाकडे परत येऊ. अमेरिकेत झाडांच्या शस्त्रवैद्यकीचा पाया घातला तो जॉन डेव्ही या माणसाने. जन्माने इंग्रज, पुढे ओहायो राज्यात स्थायिक झालेला. १९०१ साली त्याने झाडांच्या वैद्यावर पुस्तक लिहिले. त्या काळची पद्धत अशी, की झाडाची पोकळी कोरून साफ करायची आणि सिमेंटने भरून टाकायची. जखमेला रंग फासायचा. फांदी कापायची ती खोडाला अगदी लागून, सपाट. दिसायला ते काम मोठे नीटनेटके दिसे.

पुढे अलेक्स शिगो नावाच्या अमेरिकी वनशास्त्रज्ञाने हजारो झाडे उभी चिरून आत काय चालते ते पाहिले. १९७७ साली त्याने आपला सिद्धान्त मांडला. माणसाची जखम भरते, म्हणजे जुन्या जागी नवे मांस येते. झाडाचे तसे नाही. झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही. ते त्याच्याभोवती भिंत घालते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. ही भिंत घालण्याचे सामर्थ्य फांदीच्या बुडाशी जो फुगीर कंगोरा असतो, त्यात असते. खोडाला लागून कापले की तो कंगोराच जातो, आणि कूज थेट खोडात शिरते. म्हणून कापायचे ते कंगोऱ्याच्या बाहेर. खुंटही लांब ठेवायचा नाही, कारण तो वाळून कुजतो. सिमेंट नको, रंग नको.

"गाठीच्या भायेर तोड" हे आपल्या म्हाताऱ्याचे वाक्य आता पुन्हा आठवा. मी असे म्हणत नाही, की आपल्याकडे सारे आधीच ठाऊक होते. सालीखाली काय घडते हे त्या म्हाताऱ्याला ठाऊक नव्हते, आणि घाईघाईने झाड ओरबाडणारेही गावोगाव होतेच. मी इतकेच म्हणतो, की एकाच झाडाकडे दरवर्षी परत जाणाऱ्या माणसाला आपल्या घावाचे फळ दिसते. मागच्या साली चुकलेला घाव या साली वाळका खुंट होऊन समोर येतो. ठेकेदार त्याच झाडाकडे दुसऱ्यांदा येत नाही, म्हणून तो काही शिकत नाही. जंगल कमिशनच्या वादात हाच भेद हरवला होता. झाड तोडणे आणि झाडाची फांदी तोडणे या दोन गोष्टी सरकारी कागदावर एकाच सदरात पडल्या.

आज काय स्थिती आहे? राब कमी होत चालला आहे, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. धूर कमी झाला, बायकांच्या डोक्यावरचे भारे कमी झाले. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने सुधारलेल्या जाती दिल्या. गादीवाफ्यावर रोप करता येते. चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत घालतात, आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडतात. म्हणजे फांदी तोडणे राहिले, जाळणे गेले. याच तालुक्यात नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र रुजवले. त्यात चिखलणी नाही, लावणी नाही. मग रोपवाटिकाही नाही आणि राबही नाही. ही चांगलीच प्रगती आहे.

पण राबाबरोबर झाडावर चढणारा माणूसही चालला आहे, आणि झाडे तर तोडावीच लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर विजेच्या तारांत येणाऱ्या फांद्या, घराच्या पत्र्यावर झुकलेला आंबा, शाळेच्या अंगणातला वाळका गुलमोहर. हे काम आता जो मिळेल तो करतो. यांत्रिक करवत आली, ती चालवायला सोपी. सबंध शेंडा एका घावात उडतो. खालून खाच नाही, कंगोरा नाही, शेंडा राखणे नाही. वर्षा-दोन वर्षांनी त्या खुंटातून कच्चे धुमारे फुटतात, आत कूज शिरते, आणि मग एखाद्या वादळात ते झाड कुणाच्या तरी अंगावर येते. लोक म्हणतात, झाड धोक्याचे होते. धोक्याचे ते आपल्या घावाने झालेले असते.

म्हणून थोड्या व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. गावातले जुने झाड कापण्याआधी नियम विचारून घ्या. आंबा, फणस, मोह, खैर, ऐन, साग अशा झाडांच्या तोडीवर १९६४ च्या कायद्याने बंधन आहे, आणि शहरी हद्दीत १९७५ चा झाडे जतन करण्याचा कायदा लागू आहे. परवानगी मिळाली तरी थंडीत छाटा, पावसात नको. जाड फांदी तीन टप्प्यांत उतरवा: खालून खाच, थोडे पुढे वरून घाव, आणि उरलेला खुंट शेवटी कंगोऱ्याबाहेर. एका वेळी निम्म्याहून कितीतरी कमी पाला काढा. तार जवळ असेल तर वीज बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय कुणालाही वर चढू देऊ नका. आणि चढणाऱ्याला दोर द्या. आपल्या पूर्वजांकडे दोर नव्हता म्हणून आपणही देऊ नये, हा काही परंपरेचा मान राखणे नव्हे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. तुमच्या शाळेच्या आसपासच्या वाडीत ठाकूर, कातकरी किंवा कुणबी घरातले एखादे वयस्क माणूस अजून असेल, ज्याने राबासाठी तोड केली आहे. माघ महिन्यात एक तास त्यांना द्या. त्यांना शाळेत पाहुणे म्हणून बोलवा, खुर्ची द्या, आणि मुलांना बांधावरच्या ऐनापाशी घेऊन जा. कोणती फांदी तोडाल, कुठे तोडाल, कोणती राखाल आणि का, एवढे चार प्रश्न मुलांना विचारू द्या. उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. शुद्धलेखनासाठी ते शब्द बदलू नका. मुलांत काहींचे आजोबा-आजी तेच असतील. ज्या विद्येला सरकारी कागदाने गुन्हा म्हटले, तिला शाळेच्या वहीत जागा मिळाली, हे त्या मुलांना कळले पाहिजे.